इंग्लंडात घर घेतलंय? सेंट्रल हीटिंग निवडताना या चुका टाळा

नव्या घरातली पहिली थंडी सुरू झाली की पाणी तापवून ते खोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरवणारा जुना बॉयलर कुरकुरायला लागतो, आणि मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रश्न येतो: "कुठल्या कंपनीचा बॉयलर चांगला?" उत्तरंही धडाधड येतात. पण हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा असतो. दोन नामांकित बॉयलरांमध्ये जेवढा फरक असतो, त्याच्या कितीतरी पट फरक तुमच्या आणि शेजाऱ्याच्या घरात असतो. त्याच्या भिंती, त्याचे रेडिएटर, त्याच्या नळाचा जोर, यातलं काहीच तुमच्यासारखं नसतं. म्हणून आधी घर मोजा, मग बॉयलर.

"जास्त किलोवॅटचा घ्या, कमी पडायला नको"

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. घरही तापवणाऱ्या आणि नळाचं पाणीही गरम करणाऱ्या कॉम्बी बॉयलरवर लिहिलेला मोठा आकडा बहुधा नळाच्या गरम पाण्यासाठी असतो, घर तापवण्यासाठी नाही. जानेवारीत नळाला येणारं पाणी ५ अंशांपर्यंत उतरतं. ते ४० अंशांवर न्यायचं तर २४ किलोवॅटचा कॉम्बी मिनिटाला सुमारे १० लिटर देतो, ३० किलोवॅटचा सुमारे १२. तेवढी ताकद त्या आंघोळीपुरती लागते. तीन बेडरूमच्या साध्या सेमी-डिटॅच्ड घराला, माळ्यावर आणि भिंतींत बरं इन्सुलेशन असेल तर, कडाक्याच्या थंडीतही ६ ते ८ किलोवॅट पुरतात.

फिटर नुसते रेडिएटर मोजून आकडा सांगत असेल तर थांबा. खोलीगणिक उष्णता किती बाहेर जाते याचा हिशेब मागा, आणि बॉयलर कमीत कमी किती किलोवॅटवर चालतो तेही विचारा. तो आकडा ७ असेल आणि ऑक्टोबरच्या सौम्य संध्याकाळी घराला ३ च लागत असतील, तर बॉयलर सारखा चालू-बंद होत राहतो. गॅस वाया जातो, भागही लवकर झिजतात.

पाहुण्यांचा हिशेब न धरता कॉम्बी घेणं

कॉम्बी म्हणजे आपल्याकडचा इन्स्टंट गीझर: नळ सोडला की तेवढंच पाणी तापवायचं. दोघांच्या फ्लॅटला उत्तम. पण उन्हाळ्यात आई-बाबा येतात, सोबत कधी सासू-सासरे, आणि सकाळी आठच्या आत सगळ्यांना आंघोळ हवी असते. एका बाथरूममध्ये शॉवर चालू असताना दुसऱ्यात कोणी नळ सोडला की दोघांनाही कोमट धार मिळते. दोन बाथरूम एकाच वेळी वापरात असतील तर टाकीतलं पाणी आधीच तापवून ठेवणारा सिस्टिम बॉयलर आणि त्याची गरम पाण्याची टाकी, म्हणजे इथं ज्याला सिलिंडर म्हणतात ती, हाच खरा उपाय.

त्याआधी एक साधी चाचणी करा. स्वयंपाकघरातला थंड पाण्याचा नळ पूर्ण सोडा आणि १० लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघा. एक मिनिट लागलं तर घरात मिनिटाला १० लिटरच पाणी येतंय, आणि ३५ किलोवॅटचा कॉम्बी लावूनही त्याहून जास्त मिळणार नाही. थेट मेनच्या प्रेशरवर चालणाऱ्या अनव्हेंटेड सिलिंडरलाही हाच नियम लागू. तो बसवणाऱ्याकडे 'जी ३' ही वेगळी पात्रता लागते, तेही विचारून घ्या.

कॉम्बी घेतल्यावर जुना सिलिंडर काढून टाकतात आणि त्या कपाटात सामान ठेवायचा, अगदी देवघर करायचाही मोह होतो. जागेची ओढ मला कळते, पण पुढे कधी हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर घरात आणणारं यंत्र, लावायचा विचार असेल तर ती जागा मोडू नका. घरभर गरम पाणी पुरवायला हीट पंपाला टाकी लागतेच.

पाणी उकळत ठेवणं

२००५ पासून इंग्लंडात जवळपास सगळे नवे गॅस बॉयलर कंडेन्सिंग जातीचे बसतात. धुरातली वाफ थंड करून तिच्यातली उष्णताही ते वापरतात. पण रेडिएटरमधून परत येणारं पाणी ५५ अंशांच्या खाली असेल तरच हे नीट घडतं. बऱ्याच घरांत हीटिंगच्या पाण्याचं तापमान ७५-८० वर ठेवलेलं असतं, आणि ज्या गुणासाठी पैसे मोजले तोच वाया जातो. कॉम्बी असेल तर हीटिंगचं तापमान ६० वर आणून बघा. घर तापायला थोडा जास्त वेळ लागेल, इतकंच. सिलिंडर असेल तर मात्र त्यातलं पाणी ६० अंशांपर्यंत जायलाच हवं, नाहीतर फुप्फुसांचा गंभीर आजार करणारे लीजिओनेला जिवाणू वाढायची भीती असते.

इथेच रेडिएटरचा प्रश्न येतो. सरासरी ७० अंशांच्या पाण्यावर १००० वॅट देणारा रेडिएटर ५० अंशांच्या पाण्यावर जेमतेम ५०० देतो. हीट पंप कमी तापमानावरच किफायतशीर चालतो. त्यामुळे जुने छोटे रेडिएटर तसेच ठेवून हीट पंप लावला की घर गार आणि विजेचं बिल मोठं, अशी तक्रार येते. दोष पंपाचा नसतो, हिशेब न केल्याचा असतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२३ च्या ऑक्टोबरपासून सरकारच्या बॉयलर अपग्रेड स्कीममधून हवा-पाणी हीट पंपासाठी ७,५०० पौंडांचं अनुदान आहे. त्यासाठी इन्स्टॉलर 'एमसीएस' (अशी यंत्रं बसवणाऱ्यांना प्रमाणपत्र देणारी योजना) प्रमाणित हवा. अनुदान बघून घाई करू नका, मोठे रेडिएटर कुठे लागतील ते आधी लिहून घ्या.

नवा बॉयलर, जुना गाळ

रेडिएटरवर तळहात फिरवून बघा. वर गार आणि खाली गरम असेल तर आत हवा अडकलीय. हीटिंग बंद करून रेडिएटर गार होऊ द्या, किल्लीनं वरचा स्क्रू हलकेच सैल करा, फुस्स आवाज थांबून पाणी आलं की बंद करा. उलट, वर गरम आणि खाली मधोमध गार असेल तर तळाशी गंजाचा काळा गाळ बसलाय. असा गाळ न काढता नवा बॉयलर जोडला तर तो थेट नव्या हीट एक्स्चेंजरमध्ये, म्हणजे ज्वाळेची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागात, जातो. कोटेशनमध्ये पाइपांची सफाई, चुंबकीय फिल्टर आणि इनहिबिटर (गंज रोखणारं रसायन) हे तिन्ही लिहिलेले असावेत. स्वस्त कोटेशन बहुतेकदा इथेच स्वस्त झालेलं असतं.

बॉयलरवरचा प्रेशरचा काटा पाणी गार असताना १ ते १.५ बारवर हवा. दर आठवड्याला पाणी भरावं लागत असेल तर कुठेतरी गळती आहे. भरत राहू नका. ताज्या पाण्यासोबत ऑक्सिजन आत जातो आणि गंज वाढतो. गार असताना काटा ठीक, पण तापल्यावर ३ बारकडे धावत असेल तर एक्स्पान्शन व्हेसल, म्हणजे तापून फुगलेल्या पाण्याला जागा देणारी छोटी टाकी, तपासून घ्या.

कडाक्याच्या थंडीत बॉयलर गुडगुड आवाज करून बंद पडला तर थंड झालेल्या वाफेचं पाणी बाहेर नेणारा बारीक प्लास्टिकचा पाइप गोठलाय का ते बघा. त्यावर कोमट पाणी ओता, उकळतं नाही. नवा बसवताना हा पाइप शक्यतो घरातूनच न्यायला सांगा. बाहेर नेणं भाग असेल तर जाड आणि आवरण घातलेला हवा.

ज्या खोलीत थर्मोस्टॅट आहे तिथल्या रेडिएटरचा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह (खोली तापली की रेडिएटरचं पाणी आपोआप कमी करणारी चावी) कमी करून ठेवू नका, नाहीतर तो आणि थर्मोस्टॅट एकमेकांशी भांडत बसतात. रेडिएटरवर ओले कपडे वाळत घालणंही टाळा. आपल्या घरांत कुकर आणि फोडणीची वाफ आधीच भरपूर असते. त्यात ही भर पडली की खिडकीच्या कोपऱ्यात काळी बुरशी आलीच.

गॅसचं काम करणारा माणूस 'गॅस सेफ' या अधिकृत यादीत नोंदणीकृत असणं कायद्यानंच बंधनकारक आहे. त्याचं ओळखपत्र मागायला संकोच करू नका आणि ते उलटून बघा. कोणत्या प्रकारच्या कामाला तो पात्र आहे हे मागे लिहिलेलं असतं. त्याच दिवशी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावून घ्या. काम झाल्यावर बिल्डिंग रेग्युलेशन्सचं प्रमाणपत्र येतं. ते घराच्या कागदांसोबत नीट ठेवा. घर विकताना खरेदीदाराचा वकील ते मागतो.