जुनी डबल इंजिनची फायबर बोट घेताय? आधी हे बघा, मग असं सांभाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच मंडळी हल्ली मालवण-गोव्याला जाऊन जुनी बोट बघून येतात आणि पहिला प्रश्न असतो इंजिन किती हॉर्सपॉवरचं. इंजिन नंतर बघा. आधी ट्रान्सम बघा, म्हणजे मागची भिंत जिच्यावर दोन्ही आउटबोर्ड (बोटीच्या बाहेर मागं बसवलेली इंजिनं) लटकतात ती, कारण जुन्या बोटींत फायबरच्या आत बहुतेक प्लायवूड असतं, स्क्रूच्या भोकांतनं पाणी शिरलं की ते आतल्या आत कुजतं आणि वरनं बोट चकचकीतच दिसते. प्लास्टिकच्या हातोडीनं इंचाइंचावर ठोकत जा, टणक आवाज आला तर बरं, बद्द आवाज आला तर आत ओल आहे समजा. मग इंजिन थोडं वर उचलून त्याचा खालचा पाय धरून जोर द्या, भिंत हलली किंवा कोपऱ्यात तडा दिसला तर सरळ परत या, रंग कितीही छान असू दे.

आता इंजिनं. दोन असण्याचा मोठा फायदा असा की बिघाड शोधायला एकाला दुसऱ्याशी ताडून बघता येतं. सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजून दोन्हींचे आकडे शेजारी लिहा, एका इंजिनच्या सिलिंडरांत दहा-पंधरा टक्क्यांच्या वर फरक असेल तर भाव पाडायचा, नाहीतर बोट सोडून द्यायची. एक इंजिन मिसिंग करतंय? त्याची कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगी पुरवते ती) दुसऱ्याला लावा (इंजिनं एकाच मॉडेलची असतील तर), बिघाड तिकडं गेला तर कॉइलच खराब, उगाच मिस्त्रीला पैसे नकोत. आणि जे एकाला बदलाल ते दुसऱ्यालाही बदला, इंपेलर (इंजिन थंड ठेवायला पाणी खेचणारा रबरी पंखा) तर नक्कीच, एक-दोन वर्षांत ते रबर कडक होतं. इंजिन चालू असताना बाजूनं पाण्याची धार पडते तिच्यावर दोन्हीकडं नजर ठेवा, एक बारीक झाली की लगेच बंद करा.

गिअर ऑइल काढल्यावर दुधाच्या चहासारखं दिसलं तर सील गेलंय, पाणी शिरतंय. शाफ्ट (पंखा फिरवणारा दांडा) वाकला असेल तर तो बेळगावच्या उद्यमबागेत लेथवाल्याला दाखवा, तिथं अशी कामं जाणणारी माणसं आहेत.

पेट्रोलचं मात्र गांभीर्यानं घ्या. आता पंपावर ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, त्यातलं इथेनॉल पाणी ओढतं आणि बोट महिनोन्महिने उभी असली की ते पाणी-इथेनॉल टाकीच्या तळाला बसतं, जुने रबर पाइपही त्यानं मऊ पडतात. प्रत्येक इंजिनला वेगळा पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा, जमलं तर टाक्याही वेगळ्या, नाहीतर खराब पेट्रोलनं दोन्ही एकदमच बंद पडतील मग दोन असून उपयोग काय.

खाऱ्या पाण्यातनं आलं की त्याच दिवशी दोन्ही इंजिनं गोड्या पाण्यानं दहा-पंधरा मिनिटं फ्लश करा, म्हणजे आतनं धुऊन काढा. अ‍ॅनोड (इंजिन गंजू नये म्हणून लावलेले, स्वतः झिजणारे धातूचे तुकडे) समुद्रात जस्ताचे चालतात, पण बोट हिडकलच्या धरणात ठेवणार असाल (आधी परवानगी विचारून) तर मॅग्नेशियमचे घ्या, गोड्या पाण्यात जस्त नीट काम करत नाही.

जूनच्या आधी बोट ट्रेलरवर घ्या, नाळ (बोटीचं पुढचं टोक) थोडी उंच ठेवा, ड्रेन प्लग (तळातलं पाणी सोडायचं बूच) काढून हातात लागेल असा स्टिअरिंगला बांधा, ताडपत्री घाला पण दोन्ही बाजूंनी हवा खेळू द्या, आणि बॅटऱ्या घरी आणून चार्जिंगला लावा.