पवनचक्क्यांचा प्रस्ताव ग्रामसभेपुढे आल्यावर काय तपासावे

मावळ, खेड आणि आंबेगाव तालुक्यांच्या घाटमाथ्यावर वारा भरपूर आहे आणि जंगलही आहे. त्यामुळे पवनचक्क्यांचा विषय निघाला की गावात दोन तट पडतात आणि चर्चा ‘विकास हवा की नको’ या प्रश्नावर येऊन अडकते. ग्रामसभेने तेथे अडकू नये. पवनऊर्जा चांगली की वाईट यापेक्षा ती याच डोंगरावर, याच जागी आणि कोणत्या रस्त्याने येणार, हे ठरवणे गावाच्या हातात आहे.

सर्वप्रथम कंपनीकडे रस्त्याचा नकाशा मागावा. मनोऱ्यांचे नकाशे आपणहून दाखवले जातात. मात्र चाळीस-पन्नास मीटर लांबीचे पाते अखंड वर न्यायचे असते, म्हणून वळणे रुंद करावी लागतात आणि त्यासाठी डोंगर किती कापला जाणार, हे विचारल्याशिवाय कळत नाही. भीमाशंकर अभयारण्यालगतच्या पवनऊर्जा प्रकल्पाबाबत माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने २०११ च्या अहवालात हेच नोंदवले आहे: डोंगर कापून केलेले रुंद रस्ते, तोडलेली झाडे आणि खाली शेतांत व जलाशयांत वाहून जाणारा राडारोडा. नकाशा हाती आला की तो गाव नकाशावर ठेवून झरे, ओढे, देवराई, गुरचरण आणि पायवाटा कोठे येतात ते खुणावावे, आणि जाणत्या गुराख्यांना बरोबर घेऊन ती आखणी प्रत्यक्ष चालून पाहावी. पावसाळ्यात पाणी कोठून उतरते हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

त्यानंतर अंतरे मोजावीत. केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पवनचक्की कोणत्याही घरापासून ५०० मीटरच्या आत नसावी आणि सार्वजनिक रस्त्यापासून मनोऱ्याची उंची, पात्यांच्या वर्तुळाच्या व्यासाचा अर्धा भाग आणि आणखी ५ मीटर इतके अंतर राखावे. म्हणजे मनोरा १०० मीटर व व्यास १०० मीटर असल्यास १५५ मीटर. घरांपासूनचे ५०० मीटर मूळ गावठाणापासून मोजून थांबू नये, कारण धनगरवाडे आणि ठाकरवाड्या बहुधा वरच्या अंगाला असतात. निवासी भागात रात्रीच्या आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, तीही लेखी नोंदवून घ्यावी.

विजेच्या दाव्यांचा हिशेब गावातही करता येतो. दोन मेगावॉटचे यंत्र वर्षातील ८,७६० तास पूर्ण क्षमतेने चालत नाही. सरासरी २५ टक्के धरल्यास सुमारे ४४ लाख युनिट होतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातील ऊर्जा आठपट होते, म्हणून वेगवान वाऱ्याच्या डोंगरकड्यांचा हट्ट धरला जातो. नेमक्या त्याच कड्यांवरच्या चढत्या वाऱ्यावर शिकारी पक्षी तरंगतात, त्यामुळे निदान एक पूर्ण वर्षाचे पक्षीनिरीक्षण मागणे मला अत्यावश्यक वाटते. दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे मांडावी: महाराष्ट्रात पवनऊर्जा जून ते सप्टेंबरमध्ये सर्वाधिक मिळते, म्हणजे ढगांमुळे सौरवीज घटते तेव्हाच, आणि तिला ना कोळसा लागतो ना पाणी.

कागदपत्रांत एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेत पवनऊर्जा प्रकल्प येत नाहीत, त्यामुळे त्याखालील जनसुनावणी होत नाही. साहजिकच वनजमीन लागणार असेल तर वनहक्क कायद्याखालील ग्रामसभा हीच गावाची खरी जागा ठरते. तिच्या गणपूर्तीसाठी निम्मे सदस्य हजर असावे लागतात आणि हजर सदस्यांत किमान एकतृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. पत्रकावर सह्या गोळा करून ही अट पूर्ण होत नाही. सामूहिक वनहक्काचे, म्हणजे गावाने मिळून जंगलावर मागितलेल्या हक्कांचे, दावे प्रलंबित असल्यास ते आधी निकाली काढण्याचा आग्रह धरावा. खाजगी जमिनीबाबत सात-बारा व फेरफार पाहून, विक्रीऐवजी भाडेपट्ट्याचा पर्याय विचारात घ्यावा आणि यंत्राचे आयुष्य संपल्यावर मनोरा व काँक्रीटचा पाया कोण काढणार, त्यासाठीची रक्कम आज कोठे ठेवली जाणार, हे करारात लिहून घ्यावे.

ठरावात केवळ ‘मंजूर’ किंवा ‘नामंजूर’ लिहू नये. कोणत्या गट क्रमांकांना संमती आहे, कोणत्यांना नाही, रस्ता कोणत्या बाजूने नेलेला चालेल आणि विरोध करणाऱ्यांचे म्हणणे काय होते, हे सारे इतिवृत्तात नोंदवून ते सभेत वाचून दाखवावे आणि त्याची प्रमाणित प्रत त्याच आठवड्यात ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) घ्यावी.