कादंबरी वाचून इंग्रजी शिकताय? या चुका टाळा

इंग्रजी सुधारायचं म्हणून कादंबरी हातात घ्यायची आणि पंधरा-वीस पानांत ती मिटून ठेवायची, असं फार जणांचं होतं. मग ‘आपलं इंग्रजीच कच्चं’ असं स्वतःला सांगून विषय संपतो. मालवण-वेंगुर्ला पट्ट्यातली कॉलेजची मुलं आणि नोकरी सांभाळून शिकणारी मोठी माणसं यांच्याबरोबर बसून मी इंग्रजी कादंबऱ्या वाचतो. त्यावरून खात्रीने सांगतो, बहुतेकांची अडचण इंग्रजीत कमी आणि वाचण्याच्या पद्धतीत जास्त असते. पद्धत बदलली की तीच माणसं पुस्तक शेवटपर्यंत नेतात.

पुस्तक निवडतानाच गडबड होते

इंटरनेटवर जुनी पुस्तकं फुकट मिळतात, म्हणून सुरुवात तिथूनच होते. समुद्राकाठच्या माणसाला ‘ट्रेझर आयलंड’ साहजिकच खुणावते. गोष्ट झकास आहे, पण ती १८८३ साली पुस्तकरूपाने आली आणि त्यातले चाचे ज्या बोलीत बोलतात ती आज परीक्षेच्या पेपरात लिहिली तर तांबडी रेघ येईल. नवशिक्याला पुस्तकातली कोणती वाक्यरचना उचलायची आणि कोणती नुसती ऐकून सोडायची हे कळत नाही. अशी पुस्तकं नंतरसाठी ठेवा.

दुसरी अडचण शब्दांच्या संख्येची. पॉल नेशन या भाषाशास्त्रज्ञाने २००६ साली मांडलेल्या हिशोबानुसार, मूळ इंग्रजी कादंबरी कुणाच्या मदतीशिवाय समजायला आठ ते नऊ हजार शब्द, त्यांच्या रूपांसकट, ओळखीचे असावे लागतात. हा हिशोब पन्नास शब्दांत एकच अनोळखी शब्द येईल, असं धरून केलेला आहे. बारावी झालेल्या मुलाकडे एवढे शब्द क्वचितच असतात, म्हणून थेट जाडजूड कादंबरीला हात घालू नका. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी सोप्या भाषेत लिहिलेल्या ‘ऑक्सफर्ड बुकवर्म्स’सारख्या पुस्तकमालिकेत पहिल्या पायरीला ४०० आणि सहाव्या पायरीला २५०० मूळ शब्द अशी चढण असते. तिसऱ्या-चौथ्या पायरीपासून सुरुवात करण्यात काही कमीपणा नाही.

त्यानंतर मूळ पुस्तक घ्यायचं झालं तर किनाऱ्यावरच्या वाचकाला मी अमेरिकन लेखक हेमिंग्वेची १९५२ची ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ सुचवतो. गोष्ट एका म्हाताऱ्या कोळ्याची, पुस्तक छोटं, वाक्यं साधी आणि होडी, शीड, डोलकाठी, वल्हं, आमिष हे सगळं आपल्या डोळ्यांसमोरचं. ज्याच्या घरात कुणी गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जातो त्याला अर्धं वर्णन शब्दकोशाशिवाय दिसतं. आपल्याला माहीत असलेल्या जगाचं पुस्तक घेण्याचा फायदा हाच. मात्र या पुस्तकात प्रकरणं पाडलेली नाहीत, त्यामुळे ‘रोज एक प्रकरण’ असा नेम चालत नाही. प्रसंग पाहून थांबायचं: होडी पाण्यात गेली, पहिला मासा लागला, रात्र झाली.

प्रत्येक शब्द शोधत बसणं

ही सगळ्यात मोठी चूक. पानावर बारा शब्द अडले आणि बाराही वेळा मोबाईल उघडला, तर गोष्टीचा धागा तुटतो, आणि धागा तुटला की शब्दही लक्षात राहत नाहीत. पहिल्या वाचनात अनोळखी शब्दाखाली पेन्सिलीने बारीक रेघ मारा आणि पुढे चला. प्रसंग संपला की मागे या. जो शब्द दोन-तीनदा आलाय, किंवा ज्याच्यावाचून काय घडलं हेच कळत नाही, तेवढाच शोधा. बाकीचे राहू देत. या कादंबरीतला म्हातारा आणि मुलगा बेसबॉलबद्दल, ‘जो डिमॅगिओ’ या खेळाडूबद्दल बोलतात. तो खेळ आपल्याला ठाऊक नसला तरी दोघांमधला जिव्हाळा पोचतो, आणि तिथे तेवढं पुरे.

शोधलेला अर्थही आंधळेपणाने घेऊ नका. या पुस्तकात म्हातारा ‘डॉल्फिन’ पकडून कच्चाच खातो. तारकर्लीला होडीतून डॉल्फिन बघून आलेला वाचक इथे हादरतो, आणि शब्दकोश उघडला तर पहिला अर्थ बहुधा त्याच प्राण्याचा निघतो. पण मजकूर नीट वाचा. तो गळाला लागतो, म्हातारा त्याला साफ करतो आणि पोटात दोन उडते मासे सापडतात. हा डोराडो नावाचा मासा आहे, त्यालाही इंग्रजीत डॉल्फिन म्हणतात. श्वास घ्यायला वर येणारे प्राणी याच पुस्तकात ‘पॉरपॉइज’ या नावाने वेगळे येतात. आजूबाजूच्या चार ओळींशी जुळत नसेल तो अर्थ सोडून द्यायचा, ही सवय एकदा लागली की वाचकाची निम्मी भीती जाते.

वहीत एका शब्दासमोर एक मराठी अर्थ

‘लाइन म्हणजे ओळ’ असं वहीत लिहून ठेवलेल्या मुलाला म्हाताऱ्याच्या होडीतल्या गुंडाळलेल्या ‘लाइन्स’ कळत नाहीत, कारण त्या गळाच्या दोऱ्या आहेत. ‘फास्ट म्हणजे जलद’ एवढंच पाठ असेल तर दोरी ‘मेक फास्ट’ करणं, म्हणजे पक्की बांधणं, निसटून जातं. सुटा शब्द लिहू नका. ज्या वाक्यात तो भेटला ते वाक्य, निदान त्याचा तुकडा, उतरवा आणि खाली त्याच शब्दाचं स्वतःच्या गावातलं एक वाक्य लिहा. दिवसाला पाच तुकडे भरपूर झाले.

व्याकरण आपोआप येईल या भरवशावर राहणं

थोडं आपोआप येतं, पण जिथे मराठीची सवय आड येते तिथे मुद्दाम थांबावंच लागतं. आपण सहज म्हणतो, ‘काल मी कुडाळला गेलो होतो.’ त्याचं इंग्रजी तोंडातून येतं, ‘आय हॅड गॉन टू कुडाळ येस्टरडे.’ इथे ‘आय वेन्ट’ हवं. मराठीत ‘गेलो होतो’ हे नुसत्या होऊन गेलेल्या गोष्टीलाही चालतं. इंग्रजीतला ‘हॅड’ मात्र भूतकाळातल्या एका ठिकाणी उभं राहून त्याच्याही मागचं सांगताना लागतो. ‘द ओल्ड मॅन अँड द सी’चं पहिलंच वाक्य हे दाखवतं. म्हातारा एकटा मासेमारी करायचा हे सांगायला ‘फिश्ड’ आहे, आणि मासा न मिळता ८४ दिवस गेले हे सांगायला ‘हॅड गॉन’. गोष्ट सुरू होते तेव्हा ते ८४ दिवस मागे पडलेले आहेत. पुढच्या वाक्यात पहिले चाळीस दिवस एक मुलगा सोबत होता हे येतं, आणि तिथेही ‘हॅड’ आहे.

एक पान घेऊन फक्त ‘हॅड’खाली रेघा मारा. प्रत्येक ठिकाणी विचारा, हे कशाच्या आधी घडलं? आठवडाभर हे केलं की स्वतःच्या बोलण्यातला जादाचा ‘हॅड’ कानाला खटकू लागतो. त्याच पानावर ‘अ’ आणि ‘द’ पाहा. मुलगा पहिल्यांदा येतो तेव्हा ‘अ बॉय’, आणि पुढच्याच वाक्यात तो ‘द बॉय’ झालेला असतो. मराठीत ही भानगडच नसल्याने नियम पाठ करून ती अंगी लागत नाही, अशी वाक्यं डोळ्यांखालून जावी लागतात.

‘वुड’चंही तसंच. शाळेत त्याची गाठ ‘विल’शी घालून दिलेली असते, म्हणून ‘माय ग्रँडफादर वुड गो टू द क्रीक एव्हरी मॉर्निंग’ वाचताना मूल अडखळतं. आजोबा रोज सकाळी खाडीवर जायचे, एवढाच त्याचा अर्थ. आपला ‘जायचे’ तिथे चपखल बसतो.

आणि एक सापळा असा, जो मराठी वाचकाला दिसतच नाही. या पुस्तकात मोठ्या माशाला इंग्रजी ‘ही’ (he) म्हटलंय. आपल्याकडे मासा ‘तो’च असल्याने त्यात काही वेगळं वाटत नाही. पण एरवी इंग्रजीत माशाला बहुतेक वेळा ‘इट’ म्हणतात. इथला ‘ही’ म्हाताऱ्याच्या मनात त्या माशाला असलेल्या मानातून आलाय. बाजारातल्या बांगड्याबद्दल लिहिताना ‘इट’च लिहा.

मराठी अनुवाद शेजारी ठेवणं

पु. ल. देशपांडे यांनी या पुस्तकाचा ‘एका कोळियाने’ हा अनुवाद केला आहे. तो जरूर वाचा, पण इंग्रजी प्रसंग स्वतः वाचून झाल्यावर. ओळीला ओळ लावत बसलात तर डोळे मराठीकडेच वळतात आणि इंग्रजी वाचायचं राहून जातं.

तरीही अडलं तर

पहिली वीस पानं सगळ्यांनाच जड जातात, कारण लेखकाचे ठेवणीतले शब्द तेव्हा नवे असतात. तेवढी ओलांडल्यावरही गोष्ट धरत नसेल तर पुस्तक बदला, ते संपवलंच पाहिजे असं कुणी सांगितलेलं नाही. विकत घ्यायला परवडत नसेल तर जवळच्या वाचनालयात जा. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय तर १८२८ पासूनचं आहे. आणि एक पुस्तक पूर्ण झालं की त्याच लेखकाचं दुसरं लगेच घ्या. त्याची वाक्यं आणि आवडते शब्द तोवर तुमच्या ओळखीचे झालेले असतात.