ब्रुअरी-डिस्टिलरीत कंपनीचा कार्यक्रम ठेवताय? कोकणात या चुका टाळा

ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकतं. तांब्याची चकचकीत टाकी, मागे माड, हातात ग्लास. दुसऱ्या दिवशी एचआरकडून विचारणा होते, यंदाचं गेट-टुगेदर इथेच करूया का? तिथून पुढे ती जागा लग्नाच्या हॉलसारखी बघितली जाते. माणसं किती मावतात, प्लेट कितीला, डीजे चालेल का. पण ब्रुअरी (बिअर बनवायची जागा) किंवा डिस्टिलरी (दारू गाळायची जागा) आधी कारखाना असते, एक्साइजच्या म्हणजे राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या नजरेखालचा कारखाना, आणि त्यातून उरलेल्या वेळात पार्टीची जागा. कार्यक्रम फसतात ते बहुतेक हे विसरल्यामुळे.

पाटीवर ब्रुअरी लिहिलंय म्हणून बुकिंग

रत्नागिरी-सिंधुदुर्गात पाहुण्यांना आत घेणाऱ्या अशा जागा शोधायला गेलं की पर्याय तुटपुंजे निघतात. म्हणून उत्तरेकडची मंडळी ठाणे-नवी मुंबईच्या मायक्रोब्रुअरीकडे वळतात आणि सावंतवाडी-कुडाळकडची सरळ गोव्यात उतरतात. दोन्हीकडे एक गफलत नेहमीची. काही ठिकाणी बिअर दुसरीकडून पिंपात भरून येते आणि इथे फक्त नळातून ओतली जाते. त्यात वाईट काही नाही, बिअर उत्तमही असेल. पण तुम्ही लोकांना ‘बिअर कशी बनते ते दाखवतो’ सांगून आणलं असेल, तर कोपऱ्यातली शोभेची टाकी दाखवून किती वेळ काढणार?

फोनवर एकच प्रश्न विचारा: आमच्या तारखेला आत काय चालू असेल? बिअरचं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) भिजवून उकळायचं काम रोज नसतं. एल जातीची बिअर आंबायला आठवडा-दोन आठवडे घेते, लागर हा दुसरा प्रकार त्याहून जास्त, आणि त्या काळात बघायला बंद टाक्या असतात. रविवारी तर अनेक ठिकाणी उत्पादनच नसतं. उलट उकळण्याच्या दिवशी गेलात तर वाफ, घाम आणि पंपांचा आवाज. त्यात तुमचं वार्षिक आकड्यांचं प्रेझेंटेशन कुणाला ऐकू जाणार नाही. मला विचाराल तर उकळण्याचा दिवस निवडावा आणि प्रेझेंटेशन सकाळी हॉटेलात उरकून टाकावं.

फेणीची भट्टी बघायला ऑक्टोबरात जाणं

ही चूक सिंधुदुर्गातल्या माणसाने तरी करू नये, पण मुंबईच्या ऑफिसातून बुकिंग होतं तेव्हा होते. काजूचा हंगाम फेब्रुवारी-मार्चपासून मेपर्यंतचा. बोंडू, म्हणजे काजूची फळं, झाडावरून आपोआप गळून पडलेले घ्यायचे, पारंपरिक पद्धतीत खडकात कोरलेल्या कुंडीत ते पायांनी तुडवायचे, रस आंबवायचा आणि मग भट्टीवर गाळायचा. पहिल्या गाळपाची ती उर्राक, साधारण 15 टक्के अल्कोहोलची. ती पुन्हा रसाबरोबर गाळली की फेणी, 42 ते 45 टक्क्यांच्या घरातली. उर्राक टिकत नाही, त्यामुळे ती हंगामातच प्यायची. लिंबू, मीठ, मिरची, थोडा सोडा, आणि दुपारी तीननंतर काम करायची अपेक्षा ठेवू नये.

ऑक्टोबरात काजूची भट्टी थंड असते. बाटल्या असतात, गोष्टी असतात, पण आग नसते. 2009 साली गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, 2016 साली गोवा सरकारने फेणीला राज्याचं वारसा पेय म्हणून दर्जा दिला, ही माहिती मार्गदर्शक हमखास सांगतो. ती ऐकायला कुणी दीडशे किलोमीटर बसमध्ये बसत नाही. तारीख बदलणं शक्यच नसेल तर माडाच्या फेणीकडे वळा. सूर, म्हणजे माडाचा रस, वर्षभर काढला जातो, त्यामुळे दक्षिण गोव्यात माडाची भट्टी हंगामाबाहेरही चालू मिळू शकते. किंवा व्हिस्कीकडे जा. कुंकळ्ळीला पॉल जॉनच्या सिंगल माल्टचा कारखाना आहे आणि पाहुण्यांसाठी तिथे वेगळं केंद्र आहे. व्हिस्कीला हंगामाची अट नाही. शिवाय पिंपांच्या गोदामात एक गोष्ट प्रत्यक्ष नाकाने कळते: स्कॉटलंडात वर्षाला सुमारे 2 टक्के व्हिस्की पिंपातून उडून जाते, गोव्याच्या उष्णतेत हे प्रमाण त्याच्या कितीतरी पट असतं. फायनान्सवाल्यांना ही घट ऐकून नेहमी वाईट वाटतं.

‘थोडीशी चव’ मोजायची राहते

सगळ्यात जास्त गडबड इथे होते, कारण टेस्टिंगला कुणी पिणं समजतच नाही.

साधा हिशेब करा. टेस्टिंगमध्ये पाच प्रकार, प्रत्येकी 20 मिली. एकूण 100 मिली. आपल्याकडची बहुतेक व्हिस्की-जिन 42.8 टक्क्यांची, म्हणजे पोटात गेलं जवळजवळ 43 मिली शुद्ध अल्कोहोल. 330 मिलीच्या 5 टक्के बिअरमध्ये साडेसोळा मिली असतं. म्हणजे ‘थोडीशी चव’ म्हणता म्हणता अडीच बाटल्या बिअर झाली, तीही पाऊण तासात आणि बहुतेक वेळा जेवणाआधी. पिंपातून थेट काढलेली व्हिस्की असेल तर ती 55 टक्क्यांच्या वरसुद्धा असते. यानंतर बार उघडायचा असतो आणि मग रात्री आठलाच अकाउंट्समधला एरवी अबोल माणूस डायरेक्टरना खरं काय ते सांगू लागतो.

उपाय अवघड नाहीत. टेस्टिंगच्या आधी पोटात काही जाऊ द्या, आणि ते चिप्स-शेंगदाणे नकोत. घावणे-चटणी, आंबोळी-उसळ, असलं काहीतरी. प्रकार तीनच ठेवा. चव घेऊन घोट थुंकायची भांडी मागून घ्या. ती मागितल्याने कुणी हसत नाही. टेस्टिंग आणि बार यांच्यामध्ये जेवण ठेवा. आणि टेस्टिंग रूममध्ये एका वेळी किती माणसं बसतात ते विचारा. साठ माणसांची बस आणि वीस खुर्च्यांची खोली असेल, तर बाकीचे चाळीस जण तोवर काय करणार, हे आधी ठरवा. ते ठरवलं नाही तर ते बारमध्ये जातात.

जाता जाता, त्या दिवशी अत्तर-परफ्यूम कमी मारा म्हणून मेसेज टाकावा. एकाच्या डिओपायी शेजारच्या चौघांना जिनमध्ये फक्त डिओ लागतो.

वय आणि परवाना

महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी 21 आणि व्हिस्की, रम, जिनसारख्या दारूसाठी 25 वर्षांची अट आहे. कॅम्पसमधून घेतलेली तुमची मुलं 22-23 वर्षांची असतात. म्हणजे अर्धी टीम कायद्याने व्हिस्कीला हात लावू शकत नाही, आणि डिप्लोमाचे शिकाऊ तर बिअरलाही नाही. हे दारात ओळखपत्र बघताना कळलं तर त्या मुलांचा चारचौघांत पचका होतो. यादी आधी बनवा, हवं तर मनगटाला वेगळ्या रंगाच्या पट्ट्या लावा. पिणाऱ्याकडे परवानाही लागतो. एक दिवसाचा 5 रुपयांत होतो आणि बहुतेक ठिकाणी तो बिलातच लावतात, तरी विचारून ठेवा.

दुसरं म्हणजे, दारू देण्याचा परवाना मंजूर नकाशातल्या जागेपुरता असतो. ‘जेवण बाजूच्या वाडीत माडाखाली करू’ ही कल्पना छान, पण ती वाडी नकाशात नसेल तर तिथे ग्लास नेता येणार नाही. त्यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून एक दिवसाचा तात्पुरता परवाना काढावा लागतो. तो कोण काढणार, तुम्ही की ते, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. उघड्यावर स्पीकर रात्री दहाला बंद, हेही त्यातच.

ड्राय डे म्हणून 26 जानेवारी, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर सगळ्यांच्या लक्षात असतात. निवडणूक विसरली जाते. मतदान संपण्याआधीचे 48 तास त्या भागात दारूविक्री बंद असते, मतमोजणीच्या दिवशीही. अ‍ॅडव्हान्स देताना ‘ड्राय डे लागला तर तारीख बदलून मिळेल’ ही ओळ घालून घ्या.

पंचांग न बघणं

एक्सेलमध्ये श्रावण दिसत नाही. मराठी टीम असेल तर श्रावणात ब्रुअरीत कार्यक्रम ठेवून अर्धे लोक लिंबू सरबत घेऊन बसतील आणि अर्ध्यांना घरी जाऊन खुलासा द्यावा लागेल. गणपतीत तर कोकणातला माणूस तुम्हाला सापडणारच नाही. शिमग्यातही गावच्या पालख्या असतात. मार्गशीर्षातले गुरुवार, संकष्टी, नवरात्र, सगळं बघून घ्या. त्यापेक्षा मार्चअखेर किंवा एप्रिल बरा, काजूही असतो आणि हवा अजून अगदी भाजत नाही.

जून-जुलैचा मोह अनेकांना होतो, कारण दर पडलेले असतात. त्या दोन महिन्यांत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते, 1 जून ते 31 जुलै. म्हणजे ‘ताज्या सुरमई’चा बफे बहुधा फ्रीझरमधून येणार. घाटातली दरड, कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक आणि मांडव्याच्या साध्या लाँच बंद, हे वेगळंच.

भट्टीजवळ मोबाइल

डिस्टिलरीच्या काही भागांत मोबाइल, फ्लॅश, लायटर नेऊ देत नाहीत. गार्डशी हुज्जत घालू नका. 40 टक्क्यांच्या दारूवरची वाफ साधारण 26 अंशांना ठिणगीने पेट घेऊ शकते, आणि कोकणात मे महिन्यात सावलीतही त्याहून जास्त तापमान असतं. ग्रुप फोटो बाहेर काढा. फरशी ओली असते; उंच टाचा आणि सपाता दोन्ही नकोत.

न पिणाऱ्यांना कोपरा

न पिणाऱ्यांसमोर गोडमिट्ट मॉकटेल ठेवून व्यवस्था झाली असं समजू नये. सोलकढी, कोकम सरबत, हंगामात कैरीचं पन्हं, तेही बारसारख्याच ग्लासात आणि त्याच टेबलावर. ‘का नाही घेत?’ हा प्रश्न साहेबाने विचारायचा नाही, हे आदल्या दिवशी साहेबालाच सांगावं लागतं. ते काम एचआरनं करावं, शिपायावर टाकू नये.

आणि कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा ब्रुअरीतही लागू होतो. कामानिमित्त कर्मचारी जिथे जातात ती जागा आणि कंपनीने दिलेली बससुद्धा त्यात कामाचं ठिकाणच धरली जाते. अंतर्गत समितीतलं कुणीतरी त्या दिवशी हजर असावं, आणि न पिणारं असावं.

बिल आणि परतीचा प्रवास

पिण्याच्या दारूवर जीएसटी नसतो, व्हॅट असतो. जेवणाचं आणि दारूचं बिल वेगळं मागा. कंपनी दारूचा खर्च मान्य करते का, हे अकाउंट्सला जाण्याआधी विचारा, आल्यावर नको.

गोव्यातून परतताना भेट म्हणून प्रत्येकाच्या हातात बाटली देणं ही शेवटची आणि सर्वात महागडी चूक. फक्त गोव्यात विकायची दारू महाराष्ट्रात परवान्याशिवाय आणणं गुन्हा आहे. बांद्याजवळ इन्सुलीला एक्साइजचा तपासणी नाका आहे, आणि चाळीस जणांच्या बसमध्ये चाळीस बाटल्या सापडल्या तर तो साठा कुणाचा हा प्रश्न ड्रायव्हरला विचारला जातो. बसही अडकू शकते. भेट द्यायचीच तर त्यांचे ग्लास द्या, काजूगर द्या. स्वतःच्या गाड्या घेऊन कुणाला येऊ देऊ नका. गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात 100 मिलीला 30 मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा टेस्टिंगमध्येच ओलांडली जाऊ शकते. बसच्या ड्रायव्हरचं जेवण आत, पहिल्या पंगतीला लावा आणि त्याची झोपायची सोय आधीच करून ठेवा.