सीएमव्ही प्रमोटर वापरून पेशींकडून गाईचे एफएसएच बनवून घेताना

एफएसएच (बीजकोश वाढवणारे संप्रेरक) हे दोन प्रथिन-साखळ्यांचे, शर्करा जोडलेले संप्रेरक. ही शर्करा जोडणे नेहमीच्या ई. कोलाय जिवाणूला जमत नाही, म्हणून माणसाच्या एचईके-२९३टी पेशी घ्याव्यात.

प्लाझ्मिड (जनुक पेशीत नेणारे डीएनएचे कडे) दोन लागतात, एक अल्फा साखळीचे, एक बीटाचे. दोन्हींत सायटोमेगॅलोव्हायरसचा (सीएमव्ही) प्रमोटर, म्हणजे जनुक चालू करणारा तुकडा, त्यापुढे जीसीसीएसीसी हा कोझॅक क्रम (प्रथिन बनणे नीट सुरू करून देणारा), लगेच एटीजी ही सुरुवातीची खूण, साखळीचा स्वतःचा सिग्नल पेप्टाइड (तिला पेशीबाहेर धाडणारा) आणि शेवटी पॉली-ए संकेत (आरएनएचा शेवट ठरवणारा). एसव्ही४० विषाणूचे ओरिजिन (प्रती काढण्याची सुरुवातीची जागा) असेल तर उत्तम, कारण या पेशींतले लार्ज टी अँटिजेन हे प्रथिन त्यावरून प्लाझ्मिडच्या प्रती वाढवते.

१० सेंमीच्या डिशमध्ये पेशी ७० ते ८० टक्के भरल्या की प्रत्येक प्लाझ्मिड ५ मायक्रोग्रॅम, सीरम नसलेल्या ५०० मायक्रोलिटर माध्यमात मिसळा. दुसऱ्या नळीत तेवढ्याच माध्यमात १ मिग्रॅ/मिली तीव्रतेचे पीईआय (डीएनए पेशीत पोचवणारे रसायन) ३० मायक्रोलिटर. दोन्ही एकत्र करून १५ मिनिटे ठेवा, मग थेंबथेंब सोडा. पीईआय पेशींना मारक असते. म्हणून ५-६ तासांनी माध्यम बदला आणि नवे सीरमविरहितच घ्या. गाईच्या सीरममधले मूळचे संप्रेरक मोजणीत घुसले तर आकड्यांवर भरवसा राहत नाही. ७२ तासांनी माध्यम काढून सेंट्रिफ्यूजमध्ये ३०० जी वेगाने ५ मिनिटे फिरवा.

खरी फसगत पुढे होते. अल्फा साखळी एकटीही बाहेर पडते, बीटा मात्र जोडीदाराशिवाय बहुतांशी पेशीतच अडकते. त्यामुळे वेस्टर्न ब्लॉटमध्ये (जेलवर प्रथिने वेगळी करून प्रतिपिंडाने ओळखण्याची चाचणी) अल्फाविरोधी प्रतिपिंडाने तपासाल तर पट्टी ठळक दिसेल आणि संप्रेरक नावालाही नसेल! बीटाविरोधी प्रतिपिंड वापरा. एकाच नमुन्याचे दोन भाग करून रिड्यूसिंग द्रव्य (प्रथिनांतले गंधकबंध तोडणारे) न घालता एक उकळा, दुसरा न उकळता जेलवर चालवा: न उकळलेल्यात वरची, जोडीची पट्टी दिसायला हवी, उकळलेल्यात ती सुटून खाली येते. शेजारी रिकाम्या (साखळीचे जनुक नसलेल्या) प्लाझ्मिडचा नमुना हवाच.

उत्पादन कमी पडले की लोक आधी प्रमोटर बदलतात. सीएमव्ही मुळात जोरकस आहे. अडचण बहुधा साखळ्यांच्या प्रमाणात किंवा घडी पडण्यात असते. आधी अल्फा-बीटाचे प्रमाण १:२, २:१ करून बघा.

कायमस्वरूपी पेशीवाण हवे असेल तेव्हा गोष्ट वेगळी. तिथे मेथिलेशनमुळे (डीएनएवर मिथाइल गट चिकटल्याने) सीएमव्ही हळूहळू मंदावतो, म्हणून ईएफ१-अल्फा हा प्रमोटर बरा. २९३टी पेशी जी४१८ या प्रतिजैविकाला आधीच दाद देत नाहीत, तेव्हा प्लाझ्मिड घेतलेल्या पेशी निवडण्यासाठी प्युरोमायसिन हे प्रतिजैविक घ्या.