जेम५ वापरताय? निदान या चुका टाळा

जेम५ म्हणजे प्रोसेसर, कॅश, मेमरी यांची सॉफ्टवेअरमध्ये नक्कल करणारा सिम्युलेटर. सगळ्यात जुनाट दुखणं आधी. लिनक्स बूट होण्यापासून प्रोग्राम संपेपर्यंतचं सगळं एकत्र मोजायचं आणि त्याचा ग्राफ काढायचा. एका एम.टेक.च्या मुलाची तक्रार होती, "सर, एल२ कॅश दुप्पट केली तरी मिस रेट हलत नाही." (कॅश म्हणजे प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी; मिस रेट म्हणजे हवा तो डेटा तिथे न सापडण्याचं प्रमाण.) महिनाभर तो रिप्लेसमेंट पॉलिसीचा, म्हणजे कॅशमधून कोणता डेटा काढायचा हे ठरवणारा, कोड उकरत होता. मी स्टॅट्स फाइल (जेम५ मोजलेले आकडे लिहितो ती) उघडायला लावली. त्याचा मॅट्रिक्स गुणाकार जेमतेम काही कोटी इन्स्ट्रक्शन्सचा, फाइलमधला आकडा अब्जांत. पठ्ठ्या कर्नल बूट होण्यावर प्रबंध लिहीत होता! मोजायच्या भागाआधी ‘एम५ रिसेटस्टॅट्स’ (आकडे शून्यावर), नंतर ‘एम५ डम्पस्टॅट्स’ (आकडे फाइलमध्ये), एवढंच करायचं होतं. माझी सवय अशी, की आधी इन्स्ट्रक्शन्सचा आकडा बघायचा. तो अंदाजाशी जुळला नाही तर ग्राफ बघतच नाही, कितीही रंगीत असो.

दुसरी चूक घाईची. ओ३ या तपशीलवार पण संथ प्रोसेसर मॉडेलवरच बूट करायला बसतात. सेकंदाला १ लाख इन्स्ट्रक्शन्सचा वेग धरा; १ अब्जाला १०,००० सेकंद, म्हणजे पावणेतीन तास लागतात. बूट केव्हीएम (कोड थेट खऱ्या प्रोसेसरवर चालवणारा) किंवा ॲटॉमिक (वेळेचा तपशील न मोजणारा साधा) सीपीयूवर करा, चेकपॉइंट घ्या, म्हणजे त्या क्षणाची स्थिती साठवा, मग ओ३. (केव्हीएमसाठी होस्ट, म्हणजे तुमचं खरं मशीन, आणि गेस्ट, म्हणजे सिम्युलेटेड मशीन, यांची आयएसए, म्हणजे प्रोसेसरचा इन्स्ट्रक्शन संच, एकच लागते, हे विसरून भांडायला येऊ नका.) पण क्लासिक कॅशमधला (जेम५च्या साध्या कॅश मॉडेलमधला) मजकूर चेकपॉइंटमध्ये येत नाही. रिस्टोअर केल्या केल्या मोजलंत तर थंड, म्हणजे रिकामी, कॅशच मोजाल. आधी थोडा वेळ चालू द्या, मग रिसेट.

क्यूएमू या दुसऱ्या, फक्त प्रोग्राम चालवून दाखवणाऱ्या एम्युलेटरवर लागलेला वेळ पेपरात ‘परफॉर्मन्स’ म्हणून छापू नका. एमआयटी एक्सव्ही६ ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम शिकवायला क्यूएमू वापरते, ते योग्यच. पण त्यात पाइपलाइन किंवा कॅशच्या वेळेचं मॉडेल नाही.

मल्टिथ्रेडेड प्रोग्रामचा एकच रन घेऊन "२ टक्के सुधारणा" म्हणणाऱ्यांनी अलामेलदीन आणि वुड यांचा २००३चा पेपर वाचावा. मेमरीच्या विलंबात किंचित यादृच्छिक फरक घालून अनेक रन घ्या. २ टक्के बऱ्याचदा तिथेच विरतात.

प्रत्येक रनला वेगळी आउटपुट डिरेक्टरी द्या, नाहीतर कालचे आकडे आजच्याखाली गाडले जातात. आणि सिम्युलेशनच्या आत डिस्क इमेजमध्ये केलेले बदल सहसा टिकत नाहीत. बेंचमार्क इमेज बनवतानाच घाला.