सुपर मारिओ ब्रदर्स ३: बर्फाचा किल्ला काढायचा कसा

आमच्या मंगळवार पेठेतली पोरं पाचवं वर्ल्ड झोकात काढतात आणि सहाव्यात, बर्फाच्या मुलखात आली की किल्ल्यात अडकतात. १९८८ ची गेम हाय पण अजून घाम फोडते. कारण एकच, सगळी पळायचं बी (B) बटण दाबूनच खेळतात.

तर पहिलं ते बी बटण सोडा. बर्फावर मारिओ वेग धरायला वेळ लावतो आणि थांबायला तर लईच, उलटा बाण दाबला तरी पुढं सरकतच राहतो. खरा ब्रेक उडीत हाय. बारकी उडी मारायची आणि हवेत असतानाच उलटा बाण दाबायचा, हवेत घसरण नसतीच, वेग तिथंच मोडतो आणि जवळपास पाहिजे तिथं उतरता येतं. हे हाताला बसवायचं तर आधीच्या साध्या लेव्हलमध्ये बसवा, किल्ल्यात शिकायला जाऊ नका मर्दांनो, मधे चेकपॉइंट नाही, मेला की परत दारातनं सुरुवात.

थ्वाँप म्हणजे तो रागीट तोंडाचा दगड. जवळ गेलं की धाडकन खाली येतो पण वर जाताना सावकाश जातो. तालमीत वस्ताद सांगतात तसं, समोरच्याला आधी हालू दे. थोडं पुढं सरकून त्याला पाडायचा, लगेच वर सांगितलेल्या उडीनं मागं यायचं आणि तो वर गेला की खालनं निघायचं. पुढं बर्फ असला तर आधीच चार पावलं मागनं वेग धरा, ऐनवेळी पाय उचलतच नाहीत.

भूत दिसलं तर त्याच्याकडं तोंड करा, ते तोंड झाकून थांबतं, पाठ फिरवली की येतंय. इथं एक बारीक गोष्ट बघा, पाय घसरत असले तरी उलटा बाण दाबला की मारिओचं तोंड लगेच वळतं, म्हणजे घसरता घसरता पण भुताला थांबवता येतंय. हाडांचा कासव उडी मारून पाडा पण तो परत उठतो, तिथं रेंगाळू नका.

पॉवर कुठली न्यायची? माझं मत पान, ते घेतलं की मारिओला शेपटी येते. ए बटण टकटक दाबत राहिलं की शेपटी हालून मारिओ हळू उतरतो आणि अरुंद बर्फावर पाय नेमका टेकतो. फायर म्हणजे आगीच्या गोळ्या, त्या भुतावर, थ्वाँपवर, हाडाच्या कासवावर काही चालत नाहीत. किल्ल्याच्या शेवटी असतो त्या बूम बूमवर मात्र चालतात, पाच गोळ्यात खलास.

फायर नसलं तर बूम बूमला डोक्यावर तीनदा उडी. एकदा लागली की तो अंग चोरून बसतो, तेव्हा अंगावर जायचं नाही, उठून हात फिरवायला लागला की मगच. कधी पंख काढून उडतो, मग खालनं पळत बसू नका, तो खाली येईपर्यंत दम धरा. मेल्यावर पडलेला गोळा घेतला की लेव्हल संपली आणि नकाशावरचं कुलूप फुटतं.

ते कुलूप गेम ओव्हर होऊन कंटिन्यू केलं तरी फुटलेलंच राहतं, बाकीच्या लेव्हल परत खेळायला लागल्या तरी. जुन्या कॅसेटमध्ये सेव्ह नसतो, म्हणून किल्ला काढलाय तर चिडून मशीन बंद करू नका, कंटिन्यू दाबा.